बुजरं गावठी कुत्रं घरात माणसाळवताना

रस्त्यावर वाढलेलं मोठं कुत्रं घरी आणलंत, की पहिले काही दिवस त्याला काहीही शिकवू नका. ‘बस’ नाही, ‘ये’ नाही, ‘शेकहँड’ तर नाहीच. नाव ठेवलं असेल तर तेही सारखं हाकारू नका. त्याला आधी एवढंच कळू द्या, की या घरात नको वाटलं तर मागे सरता येतं आणि मागे सरलं तर कोणी पाठीमागे येत नाही. पुढचा पट्टा, लिफ्ट, रस्ता, दिवाळीचे फटाके, सगळं याच एका गोष्टीवर उभं राहतं.

मी ठाण्यात पाचपाखाडीत राहते. कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला माझ्याकडे कुत्री येतात, त्यातली बरीचशी घोडबंदर रोडकडची. तिकडे टॉवर उभे राहत असतात. मजुरांच्या वस्तीच्या आधाराने दोन-चार कुत्री वाढतात. काम संपलं की पत्रे निघतात, वस्ती उठते आणि रोज भात घालणारी माणसं एका दिवसात निघून जातात. कुत्री तिथेच राहतात. हे लिहितेय ते अशा मोठ्या, बुजऱ्या कुत्र्यांबद्दल.

पिल्लाचं गणित वेगळं असतं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जी माणसं, जे आवाज, ज्या वस्तू भेटतात, त्या त्याला पुढे ओळखीच्या वाटतात. तो काळ ज्याचा सिमेंटच्या गोण्यांमागे गेला, त्याला मिक्सर, गुळगुळीत फरशी, डोक्यावर फिरणारा पंखा आणि वरून खाली येणारा हात हे सगळं मोठेपणी पहिल्यांदाच दिसतं. म्हणून नुसती माया पुरत नाही. काय आधी दाखवायचं आणि काय नंतर, हे आपल्याला ठरवावं लागतं.

आणि गल्लीत सुखात असलेलं कुत्रं उगाच उचलून आणू नका. चहावाला ज्याला बिस्किट घालतो, इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली जे दुपारभर झोपतं, ज्याच्या कानाच्या टोकाला निर्बीजीकरणाची खाच आहे, त्याचं घर ती गल्लीच आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही शस्त्रक्रिया आणि लस झाल्यावर कुत्र्याला जिथून नेलं तिथेच परत सोडायचं, असंच आहे. जखमी, म्हातारं, एकटं पडलेलं किंवा इतर कुत्री जगू देत नाहीत असं असेल, तर मात्र जरूर आणा.

पहिल्या दिवशीची कामं

घरी नेण्याआधी डॉक्टरांकडे. रेबीजची लस, नऊ रोगांवरची लस कधी द्यायची ते विचारून घेणं, गोचिडांचं औषध आणि जंतांचं औषध. गोचिडतापाने चांगलं धडधाकट कुत्रं आठवड्याभरात ढासळतं, त्यामुळे रक्ताची तपासणी करून घेतलेली बरी. पावसाळ्यात लेप्टोची लस विसरू नका. आपल्याकडे साचलेल्या पाण्यातून चालल्याशिवाय फिरणं होतच नाही.

तुम्हाला चावलं किंवा नखांनी ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून इथे ‘बघू उद्या’ चालत नाही.

आता जागा. बाल्कनी देऊ नका. तिथे खालचे सगळे आवाज येतात, आणि घाबरलेलं कुत्रं ग्रीलच्या फटीतून डोकं घालतं. दिवाणखान्याचा एक कोपरा निवडा, जिथून दार दिसतं पण जो दारापासून लांब आहे. दोन बाजूंना भिंत, तिसरीकडे सोफ्याची पाठ किंवा आडवी केलेली खुर्ची, वर जुनी चादर. खाली गोधडी. चौथी बाजू कायम मोकळी. कोपऱ्यात हात घालून ओढून काढायचं नाही, झाडू मारायलाही नाही. तो कोपरा फक्त त्याचा.

आपल्याकडच्या फ्लॅटना मुख्य दाराबाहेर सेफ्टी डोअर असतं, त्याचा इथे फार उपयोग होतो. दोन्ही दारं एका वेळी कधीच उघडी ठेवू नका. दूधवाला, कुरिअरवाला, कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांना हे आधी सांगून ठेवा. पहिल्या आठवड्यात पळालेलं कुत्रं सापडणं अवघड, कारण त्याला तुमचं घर अजून घर वाटत नसतं.

साखळीने बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. आखूड किंवा जड साखळीला प्राण्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बांधलेल्या कुत्र्याला मागे सरता येत नाही, आणि मागे सरता आलं नाही की त्याच्याकडे दातच उरतात.

तुकडा त्याच्या पाठीमागे टाका

बहुतेक लोक कुत्र्याला जवळ बोलावण्यासाठी हातात खाऊ धरून बसतात. कुत्रं भुकेलं असतं. ते मान लांब करतं, मागचे पाय तिथेच रोवलेले, अंग ताणलेलं, आणि तुकडा ओढून घेतं. घेताक्षणी त्याला कळतं की आपण या माणसाच्या फारच जवळ आलोय. मग ते दचकून मागे उडी घेतं किंवा बोटाला दात लावतं. भुकेने ओढून आणलेली ही जवळीक टिकत नाही.

याच्या उलट करा. जमिनीवर बसा, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून. डोळ्यांत बघू नका. उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे घ्या. घरात चालत नसेल तर पनीर. एक तुकडा त्याच्या आणि तुमच्या मध्ये टाका. त्याने तो उचलला, की लगेच दुसरा त्याच्या पाठीमागे टाका, तुमच्यापासून लांब. तो खायला ते मागे वळेल आणि खाऊन पुन्हा तुमच्याकडे बघेल. मग पुन्हा एक मध्ये, एक मागे. असं चार-पाच वेळा केलंत की उठून निघून जा. स्वयंपाकघरात जा, पेपर वाचा.

यात दोन गोष्टी होतात. तुमच्याजवळ येणं आणि तुमच्यापासून सुटका, दोन्हींचा त्याला खाऊ मिळतो. आणि पुढे यायचं की नाही हे प्रत्येक वेळी तेच ठरवतं. काही दिवसांनी दिसेल, की मागचा तुकडा खाऊन ते पूर्वीपेक्षा जास्त जवळ येऊन थांबतंय. तेव्हा मोह आवरा. हात पुढे करू नका. मला विचाराल तर सगळ्या माणसाळवण्यात सगळ्यात कठीण शिस्त हीच आहे, आणि ती कुत्र्याला नाही, आपल्याला लागते.

हात लावायची वेळ कधी आली? ते तुमच्या पाठीला, दंडाला नाक लावून हुंगू लागलं, शेपूट सैल झाली, तोंड थोडं उघडं राहू लागलं, की. डोक्यावरून थोपटू नका. वरून येणारा हात त्याने दगडासारखा ओळखलेला असतो. हनुवटीखाली किंवा छातीवर, एका हाताने, तीन-चार सेकंद खाजवा आणि थांबा. हात आपल्या मांडीवर घ्या. ते पुढे सरकलं, हाताला नाक लावलं, तर पुन्हा खाजवा. जीभ ओठांवर फिरवली, जांभई दिली, मान वळवली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर आज एवढंच. ही जांभई झोपेची नसते.

माझ्याकडे कासारवडवलीच्या बाजूने एक कुत्री आली होती, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकली. तिला दोन गोष्टींची दहशत होती, चकचकीत फरशी आणि झाडू. फरशीवर पाय घसरायचे म्हणून ती कोपऱ्यातून निघायचीच नाही. मी जुन्या सतरंज्यांची वाट केली, कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत. मग एकेक सतरंजी थोडी थोडी लांब सरकवत नेली. झाडू दिसला की ती जागेवरच मुतायची. तर झाडू आधी खोलीच्या पार पलीकडे आडवा पडलेला, आणि तिने तो पाहिला की चिकन. झाडू दिसेनासा झाला की चिकनही बंद. मग थोडा जवळ, मग भिंतीला उभा केलेला, मग हातात पण न हलणारा. हलणारा झाडू शेवटी. केर काढताना ती शेजारून चालत गेली त्या दिवशी मी घरात पेढे आणले होते.

आधी भीतीची वस्तू, मग खाऊ

हा क्रम चुकवू नका. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली पचनसंस्थेवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. कुत्र्यांच्या लाळेवरचे त्याचे प्रयोग आपण शाळेत वाचलेले असतात. आधी खूण, मग अन्न, असं होत राहिलं की नुसत्या खुणेने तोंडाला पाणी सुटतं. झाडू ही खूण आणि चिकन हे अन्न. उलटं केलंत, म्हणजे चिकन दाखवून भुलवलं आणि मग झाडू काढला, तर चिकन हीच धोक्याची खूण होते. मग ते तुमच्या हातातल्या खाऊकडेही संशयाने बघू लागतं. औषध देताना, आंघोळ घालताना, पट्टा चढवताना हाच गोंधळ घरोघरी होतो.

आणि अंतर. भीतीची वस्तू एवढ्या लांब असावी की कुत्रं ती बघतंय पण खाऊ शकतंय. खायचं थांबलं, म्हणजे वस्तू फार जवळ आली. लांब न्या.

या सगळ्यात कोणीतरी वडीलधारं माणूस सांगणारच, “अगं, त्याला एकदा धाक बसू दे, मालक कोण ते कळू दे.” हे सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ही कळपातल्या म्होरक्याची कल्पना आली कुठून, ते माहीत असावं. १९४७ मध्ये शेंकेल नावाच्या संशोधकाने बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण मांडलं. त्यात वर्चस्वासाठी भांडणं दिसली. डेव्हिड मेक या अमेरिकी संशोधकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे ही कल्पना फार पसरली. पण त्याच मेकने पुढे मोकळ्या रानातल्या लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये लिहिलं, की तिथला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं असतात. म्होरक्या बनण्यासाठीची लढाई तिथे नेहमीची गोष्ट नाही. रानातल्या लांडग्यांनाच जे लागू नाही, ते पुलाखालच्या घाबरलेल्या कुत्र्यावर लादण्यात काय अर्थ?

गुरगुरण्याबद्दल तर हे ठासून सांगते. गुरगुरलं म्हणून ओरडू नका, मारू नका. गुरगुरणं म्हणजे ‘आणखी पुढे येऊ नका’ ही सूचना. ती दाबलीत तर भीती तशीच राहते, सूचना तेवढी बंद होते. पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावतं आणि मग लोक म्हणतात, काही कारण नसताना चावलं. गुरगुरलं की थांबा, एक पाऊल मागे घ्या, आणि काय झालं होतं ते आठवून पुढच्या वेळी अंतर वाढवा.

पट्टा

गळपट्टा नावाच्या बिल्ल्यासाठी ठेवा, फिरवायला हार्नेस घ्या. बुजरं कुत्रं मागच्या बाजूला ओढ घेतं आणि साध्या गळपट्ट्यातून डोकं काढून घेतं. हार्नेस छातीला आणि पोटाला घट्ट बसणारा हवा. कातडी आणि पट्टा यांच्यात दोन बोटं जातील एवढीच सैल जागा. नवीन कुत्र्याला मी दोर दोन ठिकाणी अडकवते, हार्नेसला एक आणि गळपट्ट्याला एक.

आधी हार्नेस जेवणाच्या भांड्याशेजारी नुसता पडू द्या. मग त्याच्या कडीतून हात घालून खाऊ द्या, म्हणजे डोकं त्यात आपणहून येईल. बकलचा ‘टक्’ आवाज वेगळा सवयीचा करा: टक्, तुकडा. टक्, तुकडा. अंगावर चढल्यावर दोन मिनिटं ठेवून काढा. मग घरातल्या घरात दोर मागे फरपटत फिरू द्या, पण नजरेसमोरच. एकटं असताना तो कुठे अडकला तर घात होतो. दोर पाच-सहा फुटी, साध्या कापडी पट्टीचा. बटण दाबून लांब होणारा नको, त्याची प्लॅस्टिकची मूठ हातातून सुटली की खडखडत कुत्र्याच्या मागे लागते आणि ते बिथरतं.

लिफ्ट

ठाण्यात हाच खरा अडसर. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर जिना वापरा आणि लिफ्टचं नंतर बघा. वर राहत असाल तर तीन-चार मजले जिन्याने, मध्ये थांबत, असं काही दिवस चालवा. जिनाही त्याला नवा असतो. उतरणं चढण्यापेक्षा अवघड जातं, म्हणून शेवटच्या दोन पायऱ्यांपासून सुरुवात करा.

लिफ्टचे तुकडे पाडा. पहाटे, दुधाच्या गाड्या यायच्या आधी, इमारत शांत असते. लिफ्ट आपल्या मजल्यावर बोलवा, दार उघडू द्या, बाहेरच उभं राहून खाऊ द्या, दार बंद होऊ द्या, घरी परत. हे कंटाळवाणं होईपर्यंत करा, त्याला कंटाळा आला पाहिजे. मग एकाने बटण दाबून धरावं आणि दुसऱ्याने खाऊ उंबऱ्याच्या आत टाकावा. ते आत जाऊन बाहेर आलं की उत्तम. बाहेर येऊ द्या. पुढे चारही पाय आत, दार उघडंच. मग दार बंद होऊन त्याच मजल्यावर उघडतं. मग एक मजला. आत गेल्यावर त्याला कोपरा द्या आणि आपण दाराच्या बाजूला उभे राहा, म्हणजे मध्येच कोणी शिरलं तर आधी तुमच्याशी गाठ पडेल. कोणी आत येऊ लागलं तर नम्रपणे सांगा, “तुम्ही पुढे जा, आम्ही पुढच्या फेरीने येतो.” सोसायटीत निम्मे वाद या एका वाक्याने टळतात.

उरलेल्या वादांसाठी हे माहीत असू द्या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्री ठेवण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरायला मनाईही करता येत नाही. पण सेक्रेटरींसमोर कागद आपटण्याआधी लसीचं पुस्तक दाखवा, शी उचलायची पिशवी रोज हातात दिसू द्या. लिफ्टला घाबरणारी लहान मुलं आणि म्हातारी माणसं इमारतीत असतात तशी कुत्र्याला घाबरणारीही असतात, आणि त्यांची भीतीही तितकीच खरी आहे. मागे सरायची वाट त्यांनाही द्या.

रस्ता

पहिले फेरे इमारतीच्या आवारातच. मग मागची गल्ली. गोखले रोड, जांभळी नाका, स्टेशनकडची बाजू इतक्यात नकोच. संध्याकाळी मासुंदा तलावाकाठी जी गर्दी असते ती बुजऱ्या कुत्र्यासाठी नाही. एप्रिल-मे महिन्यांत डांबरावर हाताची पालथी बाजू ठेवून बघा. पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याचे तळवे भाजतील.

येऊरला नेऊ नका. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत, आणि त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे.

गल्लीतली कुत्री भुंकत आली तर पळू नका आणि दोर आखडू नका. दोर ताणला की तुमच्या कुत्र्याला मागे जाता येत नाही आणि ते उसळतं. रस्त्याच्या पलीकडून वळसा घ्या. मूठभर बिस्किटांचे तुकडे गल्लीतल्या कुत्र्यांच्या दिशेने भिरकावा आणि चालत राहा.

ढोल, दहीहंडी, फटाके

श्रावण ते दिवाळी हा आपल्याकडचा आवाजाचा मोसम, आणि ठाण्याची दहीहंडी काय असते ते सांगायला नको. तयारी उन्हाळ्यातच सुरू करा. मोबाईलवर ढोलताशाचा, फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावा, कान हलेल पण खाणं थांबणार नाही एवढा. आवाज, मग खाऊ. आवाज बंद, खाऊ बंद. आठवड्यागणिक थोडा वाढवा.

प्रत्यक्ष त्या दिवशी अंधार पडायच्या आत फिरवून आणा. रस्त्यापासून सगळ्यात आतली खोली, बहुतेक घरांत बाथरूमचा बोळ, तिथे गोधडी घाला, पंखा आणि टीव्ही लावून ठेवा. ते तुमच्याजवळ येऊन थरथरत बसलं तर जवळ घ्या. ‘कुरवाळलं की भीती वाढते’ हे खरं नाही. फार त्रास होत असेल तर डॉक्टरांशी सणाच्या आधीच बोला. गुंगीचं औषध आपल्या मनाने देऊ नका.

आणि सुटलंच तर

फटाक्याच्या आवाजाने दोर हिसडून पळालेल्या कुत्र्यामागे धावू नका, नावाने ओरडत तर मुळीच नाही. सगळ्या गल्लीने पाठलाग केला तर ते घोडबंदर रोडवर जाऊन पोहोचेल. बहुतेक वेळा ते जवळच्याच उभ्या गाड्यांखाली, जनरेटरमागे, मीटर रूममध्ये दडून बसतं. आजूबाजूच्या इमारतींच्या वॉचमनना फोटो आणि तुमचा नंबर द्या, “पकडू नका, फक्त फोन करा” असं बजावून. जिथून सुटलं तिथे तुमची न धुतलेली चादर आणि पाणी ठेवा. रात्री दोन-तीननंतर, वाहनं थांबल्यावर, एकट्याने जा. दिसलं तरी त्याच्याकडे चालत जाऊ नका. थोड्या अंतरावर पाठ करून जमिनीवर बसा आणि पहिल्या दिवसापासून करत आलात तेच करा: एक तुकडा मध्ये, एक त्याच्या पाठीमागे. ते अंगाला येऊन टेकलं, की आधी हार्नेसच्या कडीत बोट अडकवा, मग दोर लावा. बिल्ल्यावर फोन नंबर कोरलेला असू द्या. पेनाने लिहिलेला पहिल्या पावसात पुसला जातो. आणि हार्नेसचं बकल दर महिन्याला ओढून तपासा, प्लॅस्टिक उन्हाने तडकतं.